सहाव्या पाकिटातील नाव

सोमवार, दि. २६ फेब्रुवारी २००७. त्या वेळी मी सोलापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. धाकट्या बहिणीची बारावीची परीक्षा तोंडावर आल्यामुळे आमच्या घरातील केबल, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, काढून टाकण्यात आली होती. सबब सकाळी सातलाच मी एका मित्राच्या घरी जाऊन बसलो. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा रविवारची संध्याकाळ होती आणि तेथील कोडॅक थिएटरमध्ये ७९ वा ऑस्कर पुरस्कार सोहळा सुरू होत होता. कॉस्टिंगच्या तासाला दांडी मारून साडेदहा उलटेपर्यंत बसल्यावर सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाच्या पुरस्काराची वेळ आली. मंचावर एकदम तिघे जण अवतरले : फ्रान्सिस फोर्ड कपोला, स्टीव्हन स्पीलबर्ग आणि जॉर्ज ल्युकास. मित्राच्या आईंना या तिघांपैकी एकाचेही नाव ठाऊक नव्हते. परंतु एका पाकिटासाठी इतकी वडीलधारी मंडळी आली आहेत, त्याअर्थी नवरदेव आधीच ठरलेला दिसतो, असे अनुमान त्यांनी भाजी निवडता निवडता काढले, आणि ते अचूक ठरले.

पाकीट फुटले, मार्टिन स्कॉर्सेसी हे नाव उच्चारले गेले आणि अवघे सभागृह उठून उभे राहिले. ठेंगणी मूर्ती, जाड भुवया, काळ्या काड्यांचा चष्मा, बोलण्याची विलक्षण घाई. चौसष्ट वर्षांचे हे गृहस्थ मंचावर आले आणि टाळ्या थांबताच त्यांनी पहिली विनंती केली ती ही, की ते पाकीट जरा पुन्हा एकदा तपासून घ्याल काय? सभागृहात हशा पिकला. पुढे त्यांनी सांगितले, की आजवर उद्वाहकात, डॉक्टरांच्या दवाखान्यात, अगदी क्ष-किरण तपासणीच्या वेळीदेखील अनोळखी माणसे त्यांना गाठून, तुम्हाला एक ऑस्कर मिळायलाच हवे, असे म्हणत आली होती. दिग्दर्शनासाठी त्यांचे हे सहावे नामांकन होते. आधीच्या पाच पाकिटांतून पाच वेगळी नावे निघाली होती.

त्या पाच पाकिटांची हकीकत सांगण्यापूर्वी माणसाची थोडी ओळख हवी. स्कॉर्सेसी यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आजी-आजोबा सिसिलीतून आलेले, आईवडील तयार कपड्यांच्या उद्योगात काम करणारे. मॅनहॅटनमधील ‘लिटल इटली’ या वस्तीत, एलिझाबेथ स्ट्रीटवर त्यांचे बालपण गेले. लहानपणापासून दम्याचा विकार, त्यामुळे मैदानी खेळ वर्ज्य. मुलाला रमवायचे कोठे, तर चित्रपटगृहात, असा तोडगा घरच्यांनी काढला. उरलेला वेळ खिडकीतून रस्ता पाहण्यात जाई. त्या रस्त्यावर एका बाजूला चर्च होते आणि दुसऱ्या बाजूला गुंडांचे अड्डे. मुलगा धर्मगुरू होण्याच्या शिक्षणासाठी गेला, परंतु ते जमले नाही. मग न्यूयॉर्क विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षण झाले. रस्ता आणि चर्च या दोघांनी मात्र त्यांना कधीच सोडले नाही. त्यांचे निम्मेअधिक चित्रपट पाप आणि प्रायश्चित्त यांच्याविषयीच आहेत, फक्त ती पापे दारूच्या गुत्त्यात, मुष्टियुद्धाच्या रिंगणात वा टॅक्सीच्या चाकामागे बसून केलेली असतात.

१९७२ साली त्यांनी ‘बॉक्सकार बर्था’ नावाचा एक स्वस्तातील धंदेवाईक चित्रपट केला. तो पाहून ज्येष्ठ दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिस यांनी त्यांना कडक शब्दांत सुनावले, की असल्या कामात आयुष्याचे वर्ष दवडू नकोस, स्वतःचे असे काहीतरी कर. पुढच्याच वर्षी आलेला ‘मीन स्ट्रीट्स’ हा त्या कानउघाडणीचा परिणाम. १९७६ च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’ला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक, ‘पाम द’ऑर’, लाभले. ऑस्करसाठी त्या चित्रपटाला चार नामांकने मिळाली, पण दिग्दर्शकाचे नाव त्यांत नव्हते.

आता पहिले पाकीट. १९७७ च्या ‘न्यूयॉर्क, न्यूयॉर्क’च्या अपयशानंतर आणि मादक द्रव्यांच्या आहारी गेल्यानंतर, १९७८ मध्ये स्कॉर्सेसी अंतर्गत रक्तस्रावाने रुग्णालयात दाखल झाले. तेथे अभिनेता रॉबर्ट डी नीरो त्यांना भेटावयास गेले आणि मुष्टियोद्धा जेक लामोटा याच्या आत्मचरित्रावर आपण चित्रपट करू या, असा हट्ट त्यांनी पुन्हा धरला. हा आपला शेवटचाच चित्रपट, अशा भावनेने स्कॉर्सेसींनी १९८० साली ‘रेजिंग बुल’ पूर्ण केला. हा कृष्णधवल चित्रपट आज सर्वकालीन श्रेष्ठ चित्रपटांत गणला जातो. ऑस्कर सोहळा ३० मार्च १९८१ रोजी व्हायचा होता. नेमका त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला आणि सोहळा एक दिवस पुढे ढकलण्यात आला. हल्लेखोर ‘टॅक्सी ड्रायव्हर’ने झपाटलेला होता, हे पुढे उघड झाले. अशा विचित्र सावटाखाली पाकीट फुटले आणि नाव निघाले रॉबर्ट रेडफर्ड यांचे. ते लोकप्रिय अभिनेते होते आणि ‘ऑर्डिनरी पीपल’ हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट होता.

दुसरे पाकीट ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’चे. या चित्रपटाची कथा आम्हा बँकवाल्यांना विशेष रुचावी अशी आहे, कारण ती मुळात वित्तपुरवठ्याची कथा आहे. १९८३ साली सर्व तयारी झालेली असताना पॅरामाउंट कंपनीने धार्मिक संघटनांच्या रोषाच्या भीतीने व वाढत्या खर्चामुळे हात आखडता घेतला. त्याच वर्षी ‘द किंग ऑफ कॉमेडी’ कोसळला होता, त्यामुळे दिग्दर्शकाची बाजारातील पतही खालावलेली. स्कॉर्सेसींनी लहान खर्चाचे चित्रपट करून ती पत पुन्हा बांधली आणि अखेर सुमारे ७० लाख डॉलर्समध्ये, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने किरकोळ रकमेत, मोरोक्कोमध्ये चित्रीकरण उरकले. १९८८ मध्ये चित्रपट आला तो निदर्शनांच्या गदारोळातच. नामांकन मिळाले, पुरस्कार मात्र ‘रेन मॅन’च्या बॅरी लेव्हिन्सन यांच्याकडे गेला.

तिसरे पाकीट १९९१ चे. चित्रपट होता ‘गुडफेलाज’, गुन्हेगारी जगताच्या दैनंदिन व्यवहाराचे इतके तपशीलवार चित्रण क्वचितच झाले असेल. पुरस्कार मिळाला ‘डान्सेस विथ वुल्व्ज’साठी केव्हिन कॉस्टनर यांना. पुन्हा एकदा लोकप्रिय अभिनेता, पुन्हा एकदा पहिलेच दिग्दर्शन!

हे दोनदा का घडले असावे? याचे बरेचसे उत्तर मतदानाच्या पद्धतीत असावे, असे माझे मत आहे. दिग्दर्शकाच्या पुरस्कारासाठी पाच नावे निवडण्याचे काम अकादमीचे दिग्दर्शक-सदस्य करतात. अंतिम मतदान मात्र सर्वच शाखांचे सदस्य करतात, आणि त्यांत सर्वांत मोठी शाखा अभिनेत्यांची. समव्यवसायी मंडळी नामांकनापर्यंत आणून सोडतात, पुढचा कौल मोठ्या बिरादरीचा असतो. ही बिरादरी आपल्यातल्याच एखाद्या देखण्या, सर्वांशी मिळूनमिसळून वागणाऱ्या नटाने कॅमेऱ्यामागे जाऊन यश मिळवले, तर हरखून जाणार, हे ओघानेच आले. उलटपक्षी स्कॉर्सेसी न्यूयॉर्कचे रहिवासी, विषय हिंसक, नायक असे की ज्यांना कोणी घरी जेवायला बोलावणार नाही. रेडफर्ड व कॉस्टनर यांचे चित्रपट वाईट होते असे मुळीच नाही, ‘ऑर्डिनरी पीपल’ तर आजही मनाला भिडतो. तथापि, हे दोन निकाल पुढे पंचवीस वर्षे अकादमीच्या माथी मारले गेले, एवढे खरे.

या काळात आणखी एक गमतीची गोष्ट घडत होती. स्कॉर्सेसींच्या हाताखाली काम करणाऱ्यांना पुरस्कार मिळतच होते. ‘अॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोअर’साठी एलन बर्स्टिन, ‘रेजिंग बुल’साठी डी नीरो, ‘गुडफेलाज’साठी जो पेशी, आणि पुढे ‘द एव्हिएटर’साठी केट ब्लँचेट. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’साठी पॉल न्यूमन यांना मिळालेले ऑस्कर तर स्वतःच एक जुनी थकबाकी होती. अभिनयासाठीचे ते त्यांचे सातवे नामांकन होते. एवढी वाट पाहून कंटाळलेले न्यूमन त्या रात्री समारंभाला फिरकलेच नाहीत. आणि संकलक थेल्मा स्कूनमेकर! तरुणपणी स्कॉर्सेसींचा पहिला चित्रपट त्यांनीच संकलित केला होता, पण संकलकांच्या संघटनेचे सदस्यत्व नसल्याने पुढील बराच काळ त्यांना हॉलिवूडच्या चित्रपटांवर काम करता येईना. ‘रेजिंग बुल’च्या वेळी ती अडचण दूर झाली आणि त्या एकाच कामावर त्यांना ऑस्कर मिळाले. तेव्हापासून स्कॉर्सेसींच्या प्रत्येक कथाचित्रपटाचे संकलन त्यांनीच केले आहे. २००७ ची ती रात्र उजाडली तेव्हा त्यांच्या नावावर दोन ऑस्कर जमा होती, दोन्ही स्कॉर्सेसींच्याच चित्रपटांसाठी. खातेदाराच्या नावे मात्र काहीच जमा नव्हते.

चौथे पाकीट सर्वांत क्लेशकारक. ‘गँग्ज ऑफ न्यूयॉर्क’चे स्वप्न स्कॉर्सेसी १९७० च्या दशकापासून पाहत होते. अखेर रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत जुने न्यूयॉर्क उभारून तो २००२ मध्ये पूर्ण झाला. दहा नामांकने मिळाली. ‘यंदा मार्टिनलाच’ असे वातावरण निर्माण करण्यासाठी वितरक मिरामॅक्स कंपनीने मोठा प्रचार आरंभला. ‘द साउंड ऑफ म्युझिक’चे वयोवृद्ध दिग्दर्शक रॉबर्ट वाइज हे अकादमीचे माजी अध्यक्ष. त्यांच्या नावाने स्कॉर्सेसींची शिफारस करणारा एक लेख प्रसिद्ध झाला आणि कंपनीने तो आपल्या जाहिरातींत वापरला. पुढे निष्पन्न झाले, की तो प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या व्यक्तीने लिहून दिला होता. अनेक सदस्य नाराज झाले. पुरस्कार रोमन पोलान्स्की यांना ‘द पियानिस्ट’साठी गेला आणि ‘गँग्ज’च्या पदरात दहापैकी शून्य पडले. कर्जाच्या अर्जाबरोबर वजनदार व्यक्तीची चिठ्ठी आली की तपासनीसाची नजर उलट अधिकच बारीक होते, हा अनुभव आम्हा मंडळींना नवा नाही.

पाचव्या पाकिटाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. २००५ मध्ये ‘द एव्हिएटर’ला अकरा नामांकने व पाच पुरस्कार मिळाले, परंतु दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘मिलियन डॉलर बेबी’साठी क्लिंट ईस्टवूड यांनी नेला. तेही अभिनेतेच, मात्र दिग्दर्शनात मुरलेले, त्यामुळे या वेळी कोणी फारशी कुरकुर केली नाही.

आणि मग ‘द डिपार्टेड’. हाँगकाँगमध्ये २००२ साली बनलेल्या ‘इन्फर्नल अफेअर्स’ या चित्रपटाचे हे अमेरिकी रूप. (सोहळ्यातील निवेदकाने मूळ चित्रपट जपानी असल्याचे सांगून टाकले. एवढ्या मोठ्या सोहळ्यातही अशी चूक होते, हे ऐकून आमच्यासारख्यांना थोडे हायसे वाटते.) बोस्टनमधील पोलीस दलात गुंडांचा एक हस्तक शिरलेला आणि गुंडांच्या टोळीत पोलिसांचा एक, दोघेही परस्परांचा माग काढत आहेत. लिओनार्डो डिकॅप्रिओ, मॅट डेमन, जॅक निकल्सन अशी नामवंत मंडळी, वेगवान कथानक आणि उत्तम गल्ला. पाच नामांकनांपैकी चार पुरस्कार पदरात पडले : चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि संकलन. स्कूनमेकर यांचे हे तिसरे ऑस्कर. या खेपेस प्रचाराचा ढोल कोणी बडवला नाही, हेही लक्षणीय.

‘द डिपार्टेड’ हा स्कॉर्सेसींचा सर्वोत्तम चित्रपट आहे काय? माझ्या मते नाही. ‘रेजिंग बुल’ आणि ‘गुडफेलाज’ यांच्या पंक्तीला तो बसत नाही, आणि असे म्हणणारा मी एकटा नाही. मग हा पुरस्कार त्या एका चित्रपटाचा, की आधीच्या तीस वर्षांचा? नियमानुसार दर वर्षी फक्त त्याच वर्षीच्या कामाचा विचार व्हावयाचा असतो, मागील शिल्लक पुढे ओढण्याची तरतूद मतपत्रिकेत नाही. पण मत देणारी माणसे असतात आणि माणसांच्या मनातील खतावणी ३१ मार्चला बंद होत नाही. त्या रात्री सभागृह उभे राहिले ते एका चित्रपटासाठी नव्हते, हे पडद्यावर पाहणाऱ्या आम्हालाही कळत होते. थकबाकी चुकती झाली खरी. मात्र महागाई भत्त्याची थकबाकी मिळालेल्या कोणाही निवृत्तिवेतनधारकाला विचारून पाहावे : रक्कम जमा झाल्याचा आनंद असतोच, पण ज्या वर्षी ती हवी होती ते वर्ष काही परत येत नाही. १९८३ मध्ये पॅरामाउंटने हात आखडला तेव्हा ‘रेजिंग बुल’चे एखादे ऑस्कर कपाटावर असते, तर ती बोलणी कदाचित वेगळी झाली असती.

कपाटावरच्या त्या बाहुलीविषयी थोडे विषयांतर. तिची उंची सुमारे ३४ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ३.८५ किलोग्रॅम. सोने फक्त वरच्या मुलाम्यापुरते. शिवाय १९५० नंतरच्या विजेत्यांना लेखी करार करून द्यावा लागतो, की ती विकावयाची झाल्यास आधी अकादमीलाच देऊ करावी लागेल, आणि तीही अवघ्या एका डॉलरला! सोनेतारण कर्जासाठी कोणी ऑस्कर घेऊन आमच्या शाखेत आला, तर त्याला नम्रपणे परत पाठविण्याखेरीज गत्यंतर नाही. परंतु तिच्यामुळे माणसाला जी पत प्राप्त होते, तिचे मूल्यांकन आमच्या कोणत्याही तक्त्यात बसणारे नाही.

त्याच रात्री कोडॅक थिएटरमध्ये रिकाम्या हातांनी परतलेल्या दोन व्यक्तींची आठवण करणे आवश्यक आहे. एक, पीटर ओ’टूल. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’पासून सुरू झालेल्या त्यांच्या नामांकनांतील ते आठवे, आणि आठव्यांदाही नकारच. २००३ मध्ये अकादमीने मानद ऑस्कर देऊ केले तेव्हा, मी अजून मैदानात आहे, तेव्हा थोडे थांबा, असे त्यांनी प्रथम कळविले होते. मन वळविल्यावर ते त्यांनी स्वीकारले. मैदानातला पुरस्कार मात्र न मिळताच २०१३ मध्ये ते निवर्तले. दुसरे केव्हिन ओ’कॉनेल. हे नाव आपण ऐकले नसेल, कारण ते ध्वनिमिश्रण करतात. त्या रात्री ‘अपोकॅलिप्टो’साठी त्यांचे एकोणिसावे नामांकन होते आणि एकोणिसाव्यांदा दुसऱ्याचेच नाव पुकारले गेले. त्यांच्यासाठी कोणी तीन दिग्गजांना मंचावर धाडले नाही.

आणि जे सभागृहात नव्हतेच, त्यांचे काय? आल्फ्रेड हिचकॉक दिग्दर्शनासाठी पाच वेळा नामांकित झाले, जिंकले एकदाही नाहीत. रॉबर्ट ऑल्टमन यांचीही पाच नामांकने तशीच गेली. मार्च २००६ मध्ये त्यांना मानद ऑस्कर देण्यात आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. अकादमीने स्कॉर्सेसींच्या बाबतीत घाई केली ती कदाचित या उदाहरणांनी सावध होऊन, अशी शंका मला येते. मानद पुरस्कार ही आदराची गोष्ट आहेच, परंतु आमच्या परिभाषेत ती एकरकमी तडजोड आहे, मूळ दावा मान्य केल्याची नोंद त्यात कोठेच नसते.

ओ’कॉनेल यांची गोष्ट मात्र तेथेच संपत नाही. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ बरोबर दहा वर्षांनी, त्याच सभागृहात, एकविसाव्या नामांकनावर ‘हॅकसॉ रिज’साठी त्यांचे नाव अखेर पुकारले गेले. हिशेबाच्या मंडळींना ती रात्र वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. शेवटच्या पुरस्काराच्या वेळी मतमोजणी करणाऱ्या कंपनीच्या माणसाने चुकीचे पाकीट हाती दिले, ‘ला ला लँड’चे निर्माते आभाराची भाषणे करू लागले आणि मग कळले की पुरस्कार ‘मूनलाइट’ला आहे. पाकीट पुन्हा तपासून घ्या, ही स्कॉर्सेसींची विनंती गंभीरपणे घ्यायला हवी होती, असे तेव्हा अनेकांच्या मनात आले असेल.

पुरस्कार येत नव्हता त्या काळात स्कॉर्सेसी आणखी एका कामात गुंतलेले होते. ‘रेजिंग बुल’ कृष्णधवल करण्यामागे एक चिंता अशीही होती, की त्या काळच्या रंगीत फिल्मचे रंग काही वर्षांतच विटून जात. १९८० साली त्यांनी सहकारी दिग्दर्शकांच्या सह्या गोळा केल्या आणि अधिक टिकाऊ फिल्म बनवा, असा तगादा कोडॅक कंपनीकडे लावला. १९९० मध्ये ‘द फिल्म फाउंडेशन’ स्थापन करून जुन्या चित्रपटांच्या जतनाचे व पुनरुज्जीवनाचे कार्य त्यांनी हाती घेतले. त्या संस्थेच्या साहाय्याने आजवर हजाराहून अधिक चित्रपट वाचले आहेत. ज्या सभागृहात त्यांना पुरस्कार मिळाला त्यावर कोडॅकचेच नाव होते. ती कंपनी २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली आणि सभागृहाचे नावही त्याच वर्षी बदलून डॉल्बी थिएटर झाले. दिग्दर्शकाने मात्र आपले काम चालूच ठेवले.

२००७ सालीच त्यांनी जगभरच्या, विशेषतः साधनांअभावी उपेक्षित राहिलेल्या, चित्रपटांसाठी याच कार्याची दुसरी शाखा काढली. येथे त्यांचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो. नृत्यमहर्षी उदय शंकर यांनी १९४८ साली केलेला ‘कल्पना’ हा एकमेव चित्रपट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपून ठेवला होता. तेथील प्रत वापरून या संस्थेमार्फत इटलीतील बोलोन्या येथे त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि मे २०१२ मध्ये कान महोत्सवात तो दाखविला गेला. चित्रपटाच्या नायिका व उदय शंकर यांच्या पत्नी अमला शंकर, नव्वदी ओलांडलेल्या, तेथे जातीने उपस्थित होत्या. या कामी मदत करणारे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी पुढे मुंबईत ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’ स्थापन केले. चौसष्ट वर्षांनंतर ‘कल्पना’ पुन्हा प्रेक्षकांसमोर आला. गंमत अशी, की पुरस्कार मिळाला तेव्हा स्कॉर्सेसींचे वयही चौसष्टच होते.

मध्यंतरी माझी बदली कोलकात्याच्या शाखेत झाली होती. तेथे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी येणारे एक वृद्ध बंगाली गृहस्थ, मी चित्रपटांचा शौकीन आहे हे कळल्यापासून, टेबलापाशी दहा मिनिटे हमखास थांबत. १९९२ च्या मार्चमधील ती दृश्ये ते तपशीलवार सांगत : सत्यजित राय कोलकात्यात रुग्णशय्येवर, हातात ऑस्करची बाहुली, आणि तेथूनच चित्रफितीवर केलेले भाषण. पुढे महिन्याभरात, २३ एप्रिलला, राय गेले. रायना हे मानद ऑस्कर मिळावे म्हणून ज्यांनी पाठपुरावा केला, त्यांत मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माईल मर्चंट होते आणि स्कॉर्सेसीही होते. तरुणपणी त्यांनी ‘पथेर पांचाली’ पाहिला होता तो दूरचित्रवाणीवर, इंग्रजी संवाद चढवलेला, मध्येमध्ये जाहिराती असलेला. तरीही तो मनात रुतून बसला. हे मी त्या गृहस्थांना सांगितले तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, की ज्या माणसाला १९९२ पर्यंत स्वतःला एकही मिळाले नव्हते, त्याने आमच्या माणिकदांसाठी शब्द टाकला? होय, असे मी म्हणालो. त्यांनी दाखल्यावर सही केली आणि पेन माझ्याकडे परत देताना दोन्ही हात जोडले.

२००७ नंतर स्कॉर्सेसींना दिग्दर्शनासाठी आणखी चार नामांकने मिळाली : ‘ह्यूगो’, ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’, ‘द आयरिशमन’ आणि ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’. शेवटच्या नामांकनाच्या वेळी, २०२४ मध्ये, ते ८१ वर्षांचे होते. या पुरस्कारासाठी इतक्या वयात नामांकन मिळालेले ते पहिलेच. चारही वेळा पाकिटातून दुसरे नाव निघाले. शेवटच्या दोन चित्रपटांना तर दहा-दहा नामांकने मिळूनही एकही पुरस्कार मिळाला नाही.

यांपैकी ‘द आयरिशमन’ची रात्र, ९ फेब्रुवारी २०२०, मी या वेळी स्वतःच्या घरी आणि स्वतःच्या केबलवर, कामावर निघण्याच्या गडबडीत, अर्धवट पाहिली. दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘पॅरासाइट’साठी दक्षिण कोरियाचे बोंग जून-हो यांना जाहीर झाला. हाती बाहुली घेऊन, दुभाषीच्या साहाय्याने, त्यांनी सांगितले की चित्रपट शिकत असताना एक वाक्य आपण हृदयावर कोरून ठेवले होते, आणि ते वाक्य ज्यांचे, ते येथेच बसले आहेत. त्यांनी मार्टिन स्कॉर्सेसी हे नाव उच्चारले. प्रेक्षकांत आपल्या मुलीशेजारी बसलेल्या त्या वृद्ध गृहस्थांकडे कॅमेरा वळला. आधी काही जण उभे राहिले, मग रांगा उठू लागल्या, आणि पाहता पाहता पुरस्कार हरलेल्या माणसासाठी सारे सभागृह उभे होते. भाषण थांबले होते. बोंग मंचावरून टाळ्या वाजवीत होते. माझी ८.५० ची बस चुकली.